दहा, सहा आणि दोन

२२ मे २०२०, शुक्रवार

आज दोन महिन्यांनी घंटीची दोरी ओढली. तो टण्ण आवाज रिकाम्या गाडीतून पार मागच्या काचेपर्यंत गेला आणि घुमून परत आला. चौदा वर्षं कंडक्टरकी करते आहे, पण घंटी अशी घुमलेली कधी ऐकली नव्हती. मधे कायम माणसं असायची.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी सुरू झाली. मला माझी जुनीच फेरी मिळाली, करंजटेकची. सकाळी सहाला डेपोतून निघायचं, बत्तीस किलोमीटर माळ चढत जायचं, टेकावर गाडी वळवायची आणि येताना करंजटेक, दुधाळवस्ती, पाचघरं अशी तीन ठिकाणची माणसं घेऊन तालुक्याला यायचं. मार्चपर्यंत या फेरीला पासष्ट-सत्तर माणसं असायची. तिकिटं देत मागच्या बाकापर्यंत पोचायच्या आत तालुका यायचा.

आता चव्वेचाळीसपैकी बावीसच जागा भरायच्या, एका बाकावर एक माणूस. निघताना मी खडूने प्रत्येक बाकाच्या एका जागेवर फुली मारली.

माळावर एका वळणाला मोर उभा होता, रस्त्याच्या अगदी मधोमध. आमचा ड्रायव्हर धनाजी याने गाडी थांबवली. हॉर्न दिला नाही. मोराने सावकाश पिसारा सावरला, आमच्याकडे बघितलं आणि मनात आलं तेव्हा बाजूला झाला.

"दोन महिनं त्येचाच रस्ता हाय, ताई," धनाजी म्हणाला. "आपूनच पावणं."

प्रवासी तीन.

ही डायरी कारखान्याने सभासदांना दिलेली. ह्यांनी ती मला दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी उसाची माहिती छापली आहे. मी चालवते आहे कोरड्या मुलखातली गाडी, आणि लिहिते आहे उसावर.

८ जून, सोमवार

हे पान लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

आज बाजार. करंजटेकलाच बावीस माणसं चढली. मला केवढा आनंद झाला होता. एकेका बाकावर एकेक माणूस, तोंडाला पंचा, पदर, कुणाला खरा मास्क. दार लावणार एवढ्यात हरणाबाई आली. मेंढरं राखणारी बाई, साठीची असेल, टेकाच्या पायथ्याला घर. मागे तिची सून सोनम, हातात दवाखान्याची पिशवी.

"बाई, हिला घ्या. तपासणी हाय आज. सहावा चाललाय."

"मावशी, बावीस झाले."

"मग तेवीस करा."

"तेविसावं माणूस घेतलं तर मला घरी बसवतील."

हरणाबाईने गाडीत नजर टाकली. मीही टाकली. कुणीतरी उठेल असं वाटलं. सगळे खिडकीबाहेर बघत होते. सगळ्यांनाच कुठेतरी जायचं होतं, दोन महिने साठलेलं काम होतं. मला तेव्हा राग आला. कुणाचा ते कळलं नाही, पण बोलले मोठ्याने. "सगळ्यांनी ऐका. मी सांगेपर्यंत बावीसच्या वर एक माणूससुद्धा चढायचं नाही. मला पुन्हा कुणी विचारायचं नाही."

पायरीवर चढलेली सोनम खाली उतरली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो बाई. जाते चालत."

आरोग्य केंद्र तिथून नऊ किलोमीटर आहे. मोटारसायकलवर दोघांनी बसायला बंदी.

दुधाळवस्तीला आठजण उभे होते. आम्ही थांबलो नाही. पाचघरंला एक म्हातारा-म्हातारी हात करत होते. धनाजीने वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाढवला.

गाडी नियमाप्रमाणे भरलेली होती आणि आत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

१५ जून, सोमवार

करंजटेक दहा. दुधाळवस्ती सहा. पाचघरं दोन.

आजही बाजारच होता. मागच्या सोमवारी बावीस आणि आज दहा. थांब्यावर माणसं कमी नव्हती. पंधरा-वीस होती, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखी. दहा चढले, बाकीच्यांनी हात केला. हरणाबाई करंजीच्या झाडाखाली उभी होती. सोनम सुखरूप पोचली होती आणि सुखरूप परतली, एवढंच धनाजीला कुणीतरी सांगितलं.

मी हाक मारली, "मावशी, आज घ्यायची का सोनमला?"

"आज न्हाई," ती म्हणाली आणि वळली.

समजायचं ते समजले.

२ जुलै, गुरुवार

सुट्टीला सासरी, आष्ट्याला आले. सासूबाईंनी माझी खाट बाहेरच्या सोप्यात टाकली आहे, ताट-वाटी वेगळी, पाण्याचा तांब्या वेगळा. मी उंबऱ्याकडे सरकले तशा आतून म्हणाल्या, "गाडीत माणसं मोजून घेतीस न्हवं? मग हितं बी तीन हात मोज आन बस." वर हसल्या. सासूबाईंचं हसणं असं, की तक्रार करता येत नाही.

दुपारी सगळीकडे ऊस. एवढं हिरवं, एवढं दाट, की त्याच्यात शिरलेला वारासुद्धा बाहेर येताना ओला वाटतो. पाटातून रात्रंदिवस पाणी. इथून साठ-सत्तर किलोमीटरवर तो माळ आहे, जिथे पाटाचं पाणी आलं तर पोरं बघायला पळतात. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही. लग्न होऊन आले तेव्हापासून हिरवं बघते आहे, पण नवल वाटायला कंडक्टर व्हावं लागलं.

ह्यांना सोनमचं सांगितलं. ते म्हणाले, "नियम होता. तू काय करणार?" दहा जण हेच म्हणतील. मी स्वतःला अकराव्यांदा म्हणून बघितलं.

१२ ऑगस्ट, बुधवार

दहा, सहा, दोन.

दोन महिने झाले, काटा दहाच्या वर सरकत नाही. तिकिटाच्या मशीनमधून पट्टी निघाली की आधी तळचा आकडा बघते. पूर्वी मी माणसं मोजायचेच नाही, ती अंगावर यायची. आता मोजते, आणि अठरा आकडा बरोबर लक्षात राहतो, जसा एखाद्याचा ताप लक्षात राहतो.

आज दुधाळवस्तीच्या अलीकडे एक माणूस खांद्यावर नांगराचा फाळ घेऊन चालत होता. करंजटेकचाच. भाऊसो त्यांचं नाव, तिथल्या पाण्याच्या सोसायटीचं काम बघतात. गाडीत बारा बाक मोकळे. मी धनाजीला थांबवायला लावलं.

"नाना, चढा की."

"न्हाई बाई. माझा वार शुक्रवार."

"कसला वार?"

"गाडीचा." असं म्हणून चालायला लागले. इतक्या शांतपणे, की पुढे विचारायचा धीर झाला नाही.

धनाजी म्हणाला, "नवस असंल. काय माणसं बुधवारी दाढी बी करत न्हाईत."

मला मात्र वाटलं, माझ्या गाडीत न बसण्याचंच ते निमित्त. मी डेपोतून येते, तालुक्याची हवा घेऊन येते. शिवाय एका गरोदर बाईला उतरवून दिलेली मी. गावाने मला वाळीत टाकलं असेल तर तेही बरोबरच.

तरी एक गोष्ट लिहून ठेवते. कुणी माझ्याशी वाईट बोलत नाही. परवा तर कुणीतरी माझ्या सीटवर कोवळ्या शेंगांची पिशवी ठेवून उतरलं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून पूर्ण गाडी भरायला परवानगी. चव्वेचाळीस. काल फडकं ओलं करून सगळ्या फुल्या पुसल्या. चार महिने रोज गिरवलेला खडू, रेक्झिनमध्ये मुरला होता. पुसूनही पांढरट सावली उरली.

दार उघडून मी खाली उतरून उभी राहिले, लग्नात पाहुण्यांना घ्यायला उभं राहतात तशी. मीच चढू नका म्हटलं होतं, आता मीच चढा म्हणू? नाहीच म्हटलं.

दहा चढले. भाऊसोनाना होते त्यात. प्रत्येकजण एकेका बाकावर, पूर्वी फुली नसलेल्या बाजूलाच बसला.

सोनमला मुलगी झाली. कालच. घरीच सुटका झाली, दोघी बऱ्या आहेत. हरणाबाईने खिडकीतून गूळ-खोबरं दिलं. "तोंड ग्वाड करा, बाई." तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि दोघींनी दचकून हात मागे घेतले. मग ती हसली.

रुसलेलं माणूस असं हसतं का? विचारायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर, बुधवार

वाहतूक नियंत्रकांनी बोलावलं. ऋषिराज नाव, माझ्या धाकट्या दिराएवढे आहेत. त्यांच्यापुढे फेऱ्यांचा तक्ता होता.

"ताई, भारमान बघा." चव्वेचाळीस जागांतल्या किती भरल्या, त्याला आमच्यात भारमान म्हणतात. "रोज अठरा. निम्मीसुद्धा नाही. मार्चमध्ये सत्तर माणसं होती हो या फेरीला. गेली कुठे?"

"आहेत. थांब्यावर उभी असतात."

"मग चढत का नाहीत?"

काय सांगू, माझ्यामुळे?

"महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचे आकडे वर जाणार. त्यात निम्म्याच्या खालच्या फेऱ्या बंद होतील. मला वाईट वाटतंय, पण डिझेल जाळून रिकाम्या जागा फिरवता येत नाहीत."

करंजटेकला दुसरी गाडी जात नाही. जीप माणसं पुरती भरेपर्यंत हलत नाही, आणि माळावर तर येतच नाही. थोड्या दिवसांत सोनमच्या बाळाचं दीड महिन्याचं लसीकरण असेल. तिला पुन्हा नऊ किलोमीटर. या वेळी कडेवर बाळ घेऊन.

धनाजी म्हणाला, "गावात सांगू या की, गाडी बंद व्हायलीया म्हणून."

मी नको म्हटलं. उपकार मागितल्यासारखं होईल. पण ते खरं कारण नाही. खरं कारण, ते तोंडावर काय म्हणतील त्याची मला भीती वाटते.

२६ ऑक्टोबर, सोमवार

काय आणि कसं लिहू.

टेकावर गाडी वळवली आणि मागचं चाक पंक्चर झालं. धनाजीने जॅक लावून चाक बदलेपर्यंत अर्धा-पाऊण तास जाणार होता. हरणाबाई म्हणाली, "उन्हात काय उभ्या ऱ्हाताय, या." तिच्या घराकडे जायची वाट पाण्याच्या सोसायटीच्या खोलीवरून जाते. बाहेरच्या भिंतीवर डांबराने काळा केलेला फळा. त्यावर खडूने वार लिहिलेले, प्रत्येक वाराखाली दहा नावं. पाटाला पाणी सुटलं की कुणाच्या रानाला कधी, ते तिथे लिहितात, हे मला माहीत होतं. पण पाणी तर पावसाळ्यापासून सुटलेलं नाही.

शुक्रवारच्या खाली भाऊसोंचं नाव होतं.

मी तिथेच थांबले. दहा, दहा, दहा. सोमवारच्या खाली आज थांब्यावर उभे असलेल्यांचीच नावं. एका नावावर काट मारून शेजारी लिहिलं होतं, 'आजारी, बदली हरणा'.

"मावशी, हे काय आहे?"

"गाडीची पाळी," ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं की सूर्य कुठून उगवतो.

तेवढ्यात भाऊसोनाना आले. मी त्यांना विचारलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि सावकाश बोलले. सगळं जसं आठवतंय तसं लिहिते.

"त्या दिशी तुमी सोनमला उतरवलं. तुमचं चुकलं न्हाई, आमचं चुकलं. बावीस जणं बसलोवतो, एकानं बी ढुंगण हलवलं न्हाई. मी बी होतो त्यात. सांजच्याला खालनं निरोप आला, दुधाळवस्तीला गाडी थांबली न्हाई, पाचघरंची म्हातारी तशीच परत गेली. मग रात्री मानसं बसली हितं. म्हनलं, आमी पाटाच्या शेपटाला. वरची गावं पानी वडत्यात, आमच्याकडं येईस्तवर पाट कोरडा. आयुष्यभर त्यास्नी शिव्या दिल्या. आन गाडीला आमी म्होरं, तर आमी बी तेच केलं व्हय?"

त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

"मग वाटणी केली. बावीसातल्या धा आमच्या. सहा दुधाळवस्तीच्या, सहा पाचघरंच्या. वार लावलं. ज्येला दवाखाना हाय, त्येनं दुसऱ्याचा वार मागायचा, आन दुसऱ्यानं द्यायचा. न्हाई म्हनायचं न्हाई. सोनमला दोन डाव माझाच शुक्रवार दिला, दोनी डाव तुमी सुट्टीवर व्हता."

"पण नाना, सप्टेंबरपासून चव्वेचाळीस जागा आहेत. टीव्हीवरसुद्धा सांगितलं."

"टीव्हीवर पानी सोडलं म्हनून बी सांगत्यात. आमी पाटात बघितल्याबगार मानत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी म्हनलावता, मी सांगेपर्यंत. तुमी सांगितलंच न्हाई."

हरणाबाई म्हणाली, "आवं, मी रोज झाडाखाली हुबी ऱ्हायची की, आज सांगतील म्हनून. बाई काय बोलायच्या न्हाईत."

साडेचार महिने. एका रागाच्या वाक्यावर शंभर घरांनी साडेचार महिने काढले होते. कुणी पहारा ठेवला नव्हता, कुणी दंड लावला नव्हता. नांगराच्या फाळासाठी माणूस बुधवारी नऊ किलोमीटर चालत गेला, कारण त्याचा वार शुक्रवार.

चाक बसवून झालं. मी दारात उभी राहून मोठ्याने सांगितलं, जूनमध्ये बोलले होते तेवढ्याच मोठ्याने. "आता सगळ्या जागा खुल्या. आणि गाडी निम्म्याच्या वर भरली नाही, तर ती बंद होणार आहे."

एक म्हातारी म्हणाली, "आगं बाई, मग आदी सांगायचं न्हाई व्हय. वाटनी कमी पडली म्हनून बंद पडत असतंय व्हय कुटं."

तरी आजच्या पाळीचे दहाच चढले. खाली दुधाळवस्तीला थांबलो, तिथेही विचारलं. एक बाई म्हणाली, "वरचे धा भरत्यात. आमी सहा. म्होरं पाचघरंला सहा ठेवायच्या." पाचघरंला तेच म्हातारा-म्हातारी चढले. त्यांना विचारलं, तुमच्या सहा जागा आहेत, माहीत आहे का? म्हातारा म्हणाला, "कशाच्या सहा? आमी दोगंच जातो. पोरं पुन्याला अडकल्यात."

तालुक्यापर्यंत मी माझ्या सीटवर बसून मागे बघत राहिले. चार बाक मोकळे होते. तेच चार बाक मी महिनोन् महिने बघत होते आणि त्यांना रिकामे म्हणत होते.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

करंजटेकला थांब्यावर एवढी माणसं, की धनाजीने लांबूनच वेग कमी केला. "ताई," एवढंच म्हणाला.

भाऊसोनाना दारापाशी उभे राहून माणसं चढवत होते. अठ्ठावीस झाल्यावर त्यांनी हात आडवा केला. मी म्हटलं, "अजून जागा आहेत, नाना." ते म्हणाले, "चवदा दुधाळवस्तीच्या. दोन पाचघरंच्या. काल रातच्याला फोनवर ठरलं." एकोणतिसावं माणूस ते स्वतःच होते. मागे सरले आणि चालायला लागले.

दुधाळवस्तीला चौदा. नंतर पाचघरंपर्यंत सहा किलोमीटर. गाडी गच्च, पिशव्या, बोळकी, बाजाराची बोचकी मांडीवर. आणि उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर दोन जागा मोकळ्या. एका बाईच्या मांडीवर एवढं मोठं टोपलं होतं, पण तिने ते त्या जागेवर ठेवलं नाही.

पाचघरंला दोघं चढले आणि त्या बाकावर जाऊन बसले, जणू तो बाक जन्मापासून त्यांचाच होता.

चव्वेचाळीस.

३१ ऑक्टोबर, शनिवार

बुधवारपासून त्रेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. ऋषिराज साहेबांनी पट्टी दोनदा बघितली. "ताई, मशीन बिघडलं नाही ना?"

"चार महिने बिघडलं होतं," मी म्हटलं. "मशीन नाही. मी."

त्यांना कळलं नाही. पण बंद होणाऱ्या फेऱ्यांची यादी संध्याकाळी लागली आणि तीत करंजटेक नाही. मी वरून खाली आणि खालून वर, दोनदा वाचली.

४ नोव्हेंबर, बुधवार

सोनम आज गाडीत चढली. बाळ दीड महिन्याचं, टोपड्यात, डोळे मिटलेले. लसीकरणाला निघाली होती.

थांब्यावर गर्दी होती, पण तिच्यासाठी सगळे बाजूला झाले. पायरीवर ती थांबली. जूनमध्ये जिथून परत फिरली होती, तीच पायरी. मला बोलायचं होतं. पाच महिने तयार केलेलं वाक्य होतं. मी फक्त हात पुढे केला. तिने हात धरला नाही. बाळ माझ्याकडे दिलं, पिशवी सावरली आणि स्वतः चढली.

बाळाला घेऊन मी उभी राहिले. केवढं हलकं. जूनमध्ये हेही त्या नऊ किलोमीटरांत होतं.

सोनम बसली. मी तिकीट दिलं.

"हिचं न्हाई लागत?"

"पाच वर्षांपर्यंत लागत नाही."

"मग ही मोजायची न्हाई?"

मागून हरणाबाई म्हणाली, "मोजा वो बाई. पुना कमी पडलं म्हनून बंद करतील." सगळी गाडी हसली. खिडकीबाहेर कुणी बघत नव्हतं.

मशीनमध्ये तिच्यासाठी बटण नाही. म्हणून इथे लिहिते. करंजटेक अठ्ठावीस, दुधाळवस्ती चौदा, पाचघरं दोन, आणि एक.